पैजेत गेलेली तारीख

अठरा एप्रिल, शनिवार. संध्याकाळी सात वाजायला थोडा अवकाश असताना मेहकरमधल्या एका लग्नाच्या लॉनशेजारच्या गाळ्यात टीव्हीवरचा फुटबॉलचा सामना संपला. लाल जर्सीचा संघ एका गोलने हरला. जानेफळच्या छकुलीच्या लग्नासाठी राखून ठेवलेली लॉनची तारीख तिच्या सख्ख्या भावाने त्याच वेळी पैजेत गमावली. छकुली तेव्हा जानेफळला घरी होती. तिला हे कळायला बुधवार उजाडला.

मित्रांनो, हे मला ठाऊक आहे, कारण मी तिथेच टेबलावर पडलेलो होतो. मी एक जुना गेम-रिमोट आहे. व्हिडिओ गेम खेळताना दोन्ही हातांत धरतात, तो. मोठ्या शहरातली मुलं मला कंट्रोलर म्हणतात. मेहकरला सगळे रिमोटच म्हणायचे, म्हणून मीही तेच नाव लावतो.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. काळं प्लास्टिक, दोन अंगठ्यांसाठी दोन दांड्या, उजवीकडे चार बटणं आणि पोटात दोन लहान मोटारी, एवढा माझा देह. पडद्यावर गोल झाला की त्या मोटारी फिरतात आणि मी खेळणाऱ्याच्या हातात थरथरतो. गोल आपण केला काय किंवा आपल्यावर झाला काय, माझी थरथर एकच. दुःखासाठी वेगळी थरथर मला दिलेली नाही.

माझा पहिला मालक पुण्याचा. त्याने मला वर्षभर वापरलं आणि विकून टाकलं. दीपक तेव्हा पुण्याजवळच्या एका कंपनीत कंत्राटावर कामाला होता. कंत्राट संपलं आणि तो गावी परतला, तेव्हा त्याच्या बॅगेत स्वेटरमध्ये गुंडाळलेला मी होतो. घरी उतरल्यावर त्याच्या आईने, पुष्पाबाईंनी, बॅग उघडली आणि मला उलटंसुलटं करून पाहिलं. "हे काय आणलं रे? खेळणं?" दीपक म्हणाला, "धंदा हाये आई हा." छकुली म्हणाली, "दादा, ह्या धंद्याले तं चाकं नाहीत, चालन कसा?" त्यावर सगळे हसले. दीपकही हसला.

दीपकला मेहकरच्या एका लॉनवर काम मिळालं. तारखा देणं, जनरेटर पाहणं, किल्ल्या सांभाळणं. लॉनच्या मालकाने त्याला शेजारचा गाळा दिला. पुढच्या भागात लॉनचं ऑफिस, म्हणजे एक टेबल आणि दोन खुर्च्या. मागच्या भागात टीव्ही, गेमचं मशीन आणि आम्ही दोन रिमोट. दुसरा रिमोट पहिल्याच उन्हाळ्यात एका वऱ्हाडातल्या मुलाने मठ्ठ्याच्या पातेल्यात पाडला. तेव्हापासून मी एकटा.

ती माझी उमेदीची वर्षं होती. शाळा सुटली की मुलं यायची आणि पँटला हात पुसून मला उचलायची. लग्नसराईत तर विचारू नका. मांडवात मंगलाष्टकं चालू असायची आणि मागच्या दाराने जरीचे कुडते घातलेली मुलं आमच्याकडे पळून यायची. माझ्या बटणांना जिलबीचा पाक लागायचा. छकुली एकदा आली होती, तेव्हा तिने ओल्या फडक्याने माझी एकेक फट पुसली होती. माझी इतकी काळजी त्याआधी कुणी घेतली नव्हती, नंतरही नाही.

मोठी मुलं संध्याकाळी यायची. त्यांना खेळण्यापेक्षा सामने पाहण्यात रस होता आणि सामन्यांपेक्षा पैजांत. आधी ते मोबाइलवर पैसे लावायचे. सरकारने पैशांचे ते खेळ बंद केले, तेव्हा पोरांनी पैजा वस्तूंवर लावायला सुरुवात केली. कुणाचं घड्याळ, कुणाचं जॅकेट, कुणाची आठवडाभर मोटरसायकल. प्रज्वल नावाचा एक मुलगा एकदा घरचा कोंबडा हरला आणि घरी कोल्ह्याचं नाव सांगून मोकळा झाला.

पैज कोणत्या बाजूने लावायची, हे ठरवण्याची त्यांची एक रीत होती. आमच्या जिल्ह्यात भेंडवळला अक्षय तृतीयेला घट मांडतात. रात्रभर मांडलेल्या धान्याकडे पाहून दुसऱ्या दिवशी सकाळी पावसापाण्याचं भाकीत सांगतात. पोरांनी शब्द तिथून उचलला. खऱ्या सामन्याआधी ते गेममध्ये तेच दोन संघ लावायचे आणि दोन्ही बाजूंनी मशीनलाच खेळू द्यायचे. मला फक्त सुरू करण्यापुरतं दाबायचे आणि टेबलावर ठेवून द्यायचे. याला ते मांडणी म्हणायचे. मांडणीत जो संघ जिंकेल, त्याच्यावर दीपक पैज लावायचा. काही वेळा त्याचं खरं ठरलं. माणसं खरं ठरलेलं लक्षात ठेवतात.

मित्रांनो, आता छकुलीविषयी सांगतो. दोन वर्षांपूर्वी तिची एक सोयरीक साखरपुडा होऊन मोडली. तिकडच्यांनी कारण सांगितलं नाही. कारण सांगितलं नाही की गाव स्वतःच कारणं तयार करतं. तेव्हापासून पुष्पाबाई कुणाच्या हळदीला गेल्या नाहीत. यंदा धामणगाव बढ्याच्या पंजाबरावांचा मुलगा गजेंद्र याच्याशी तिचं ठरलं. या वर्षी अधिक महिना आल्यामुळे मे महिन्यातल्या तिथी पहिल्या पंधरवड्यातच संपत होत्या. त्यानंतर पेरण्या, मग चातुर्मास. म्हणजे ही तारीख हुकली तर गोष्ट थेट तुळशीच्या लग्नानंतर. दीपक लॉनवरच कामाला असल्याने छकुलीला दुसऱ्या आठवड्यातली मोठी तिथी मिळाली. मेहकरमध्ये त्या दिवसाचं दुसरं एकही लॉन मोकळं नव्हतं.

एप्रिलच्या सुरुवातीला दोन्ही घरं बस्ता बांधायला मेहकरला आली. बस्ता म्हणजे दोन्हीकडच्या माणसांनी एका दुकानात बसून केलेली लग्नाच्या कपड्यांची खरेदी. ती आटोपून सगळे आमच्या गाळ्यात कूलरसमोर टेकले. पंजाबराव मोठ्या आवाजाचे आणि हसऱ्या स्वभावाचे. पडद्यावर त्या वेळी मांडणी चालू होती आणि मी टेबलावर एकटा पडलो होतो.

"हे काय हो दीपकराव?" ते म्हणाले. "खेळणारा कोणीच नाही अन् खेळ चालूच?"

"मशीनच खेळते मामा, दोन्हीकून."

"मंग मशीनलेच नेऊ ना वरातीत. नाचायलेही कामी येईन."

छकुलीचे वडील कारभारी क्वचितच हसतात. त्या दिवशी ते हसले. मग पंजाबरावांनी रुमालाने तोंड पुसलं आणि पुष्पाबाईंकडे वळले.

"बाई, पत्रिका छापून आल्या. पहिली कुलदैवताले ठेवून आलो. आता तारीख तुमची नाही, माहीही नाही. देवाची झाली."

पुष्पाबाईंनी पदर डोक्यावर ओढून हात जोडले. पहिल्या वेळी गोष्ट पत्रिकेपर्यंत पोचलीच नव्हती. त्या दिवशी त्यांनी दुकानातून निघताना स्वतःसाठीही एक लुगडं घेतलं.

हे सगळं दीपकच्या समोर झालं. त्याला काही ठाऊक नव्हतं, असं म्हणता येणार नाही.

अठरा एप्रिलला अक्षय तृतीया तोंडावर होती. पोरं गंमत करत होती, की उद्या भेंडवळचे घट, आज मेहकरचे. तीन मांडण्या झाल्या. तिन्हींत लाल जर्सी जिंकली. तेव्हा ऋत्विक खुर्ची पुढे ओढून बसला. तो दीपकचा शाळेपासूनचा मित्र.

"घड्याळ-बिड्याळ नोको बे आता," तो म्हणाला. "काही दमदार लाव."

"काय लावू?"

"आमच्या ताईचं जमलं. बाबा सारे लॉन फिरून आले, एकही खाली नाही. तुह्या बहिणीची तारीख लाव."

प्रज्वल मागून म्हणाला, "अन् तू काय लावशीन बे? कोंबडा?"

"तुह्यासारखा नाही मी. मामानं नव्या रिमोटचा जोड पाठवला. डब्बाही फोडला नाही. तो लावतो."

दीपकने माझ्याकडे पाहिलं. माझ्या डाव्या दांडीचं रबर झिजून खालचं प्लास्टिक दिसत होतं. एक बटण दोनदा दाबावं लागत होतं. मशीनला तोवर बरीच मागणी होती आणि मी एकटा पुरत नव्हतो. त्याने मला उचललं, अंगठ्याने ते झिजलेलं रबर चाचपलं आणि परत ठेवलं.

"तिन्ही मांडण्यांत लालच ना?"

"तिन्हीत."

"मंग लावली."

सामना पाच वाजता सुरू झाला. पूर्वार्धात लाल संघाने गोल केला, तेव्हा गाळ्यात इतका आरडाओरडा झाला की लॉनचा माळी पाइप हातात घेऊन पाहायला आला. उत्तरार्धात समोरच्या निळ्या जर्सीवाल्यांनी एक फेडला. शेवटी शेवटी दुसरा केला. मी थरथरलो नाही. तो खरा सामना होता आणि खऱ्या सामन्यात माझं काही काम नसतं.

कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला. मग ऋत्विकच म्हणाला, "जाऊ दे बे. मजाक होती. तुह्या घरचं लग्न हाये."

त्या एका वाक्यात सगळं सुटण्यासारखं होतं. प्रज्वल आणि इतर मुलं दीपककडे पाहत होती.

"मजाक काऊन?" दीपक म्हणाला. "मी काय पळून जाऊन राह्यलो का? लावली म्हंजे लावली. दुसरं लॉन पाहून घेईन मी. माहा रोजचा धंदा हाये हा."

"याले म्हणतात मर्द," कुणीतरी म्हणालं.

सोमवारी सकाळी ऋत्विकचे वडील टेबलापाशी आले. त्यांना पैजेचं काही माहीत नव्हतं. दमलेला, घाम पुसणारा माणूस. त्यांनी विचारलं, "पोट्टा म्हणे एक तारीख खाली झाली?" दीपकने तारखांची वही पुढे ओढली. मग म्हणाला, "हाव काका, झाली." त्या माणसाने दीपकच्या डोक्यावर हात ठेवला. दुपारपासून दीपक एकेका लॉनला फोन लावत होता. सगळीकडून एकच उत्तर येत होतं. घरी मात्र त्याने काही सांगितलं नाही. मंगळवारीही नाही.

बुधवारी पुष्पाबाई मेहकरमध्ये नातेवाइकांना लग्नाचं सांगायला निघाल्या होत्या. वाटेत दीपकचा डबा द्यायला त्या गाळ्यात थांबल्या. तेवढ्यात ऋत्विकची आई हातात कुंकवाचा करंडा आणि अक्षता घेऊन आली.

"बरं झालं बाई, तुम्ही इथंच भेटल्या. कुंकू लावून घ्या. पोरीचं लग्न हाये, सगळ्याइनं या."

"अवं बाई! कुठी धरलं?"

"इथंच की. तुमच्या दीपकनंच तं तारीख देल्ली. लय उपकार झाले त्याचे."

पुष्पाबाईंनी कपाळ पुढे केलं. कुंकू लागलं. मग त्यांनी तारीख विचारली आणि ऋत्विकच्या आईने ती सांगितली.

पुष्पाबाई आधी हसल्याच. "तुमची काहीतरी गलती होऊन राह्यली. त्या दिवशी तं माह्या छकुलीचं हाये."

त्यांनी दीपककडे पाहिलं. तो माझी चार्जिंगची वायर बोटांभोवती गुंडाळत होता.

"दीपक, काऊन बोलत नाहीस रे?"

त्याने वायर सोडली आणि पुन्हा गुंडाळायला सुरुवात केली. पुष्पाबाईंच्या मुठीत अक्षता होत्या. त्या टाकायच्या कुठे, हे त्यांना सुचत नव्हतं. शेवटी त्यांनी त्या टेबलावर ठेवल्या, माझ्याजवळ, आणि खाली बसल्या.

पैजेचं दीपकने आईला सांगितलं आणि तिने घरी फोन केला, तेव्हा कारभारी चारच्या सुमारास आले. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांनी उभ्यानेच विचारलं.

"पैज कायची होती?"

"फुटबॉलची, बाबा."

"तू खेळला?"

"नाही."

"मंग कोण खेळलं?"

"ते तिकडचे. विलायतेतले."

"त्याइले छकुली माहीत हाये?"

कारभारींनी गाळ्यातलं मशीन, वायरी आणि मला सोयाबीनच्या रिकाम्या पोत्यात भरलं, पोत्याचं तोंड सुतळीने बांधलं आणि किल्ली लॉनच्या मालकाला देऊन टाकली. माझी नोकरी अशी संपली. तेव्हापासून मी जानेफळच्या घरात पुढच्या खोलीतल्या फळीवर आहे. छकुलीने मला पोत्यातून बाहेर काढलं, म्हणून मला थोडं दिसतं आणि सगळं ऐकू येतं.

तिने पोतं सोडलं, तेव्हा दीपक भिंतीला टेकून बसला होता. तिने विचारलं, "काय भेटणार होतं तुले?"

दीपकने माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्याचा नवा जोड."

तिने मला हातात घेतलं. जिलबीचा पाक पुसला होता, तेच हात. झिजलेल्या दांडीवरून तिने अंगठा फिरवला.

"जिंकला असता तं मले सांगतलं असतं का, दादा?"

दीपक पोत्याची सुतळी उचलून बोटाभोवती गुंडाळू लागला.

"नसतं सांगतलं. मी हळदीले बसली असती अन् तू नव्या रिमोटवर खेळत असता. मले कधी कळलंच नसतं, का मी टेबलावर ठेवल्या गेली होती." तिने मला उलटं केलं. "तू हरला याचं मले एवढं नाही वाटत."

मग तिने मला फळीवर ठेवलं. आपटलं नाही. जागेवर ठेवलं.

शुक्रवारी ऋत्विक आला. अंगणातच उभा राहिला. त्याने वडिलांना खरं सांगितलं होतं. तिकडे आचारी ठरला होता, बँड ठरला होता, पाहुण्यांना सांगून झालं होतं. वडील म्हणाले, की एका पोरीचं लग्न वाचवायला दुसरीचं मोडू का? पुष्पाबाईंनी त्याला पाणी दिलं. ते पिऊन तो गेला.

शनिवारी कारभारी बुलडाण्यावरून धामणगाव बढ्याला जाऊन आले. आल्यावर त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि जे झालं ते सांगितलं. त्यांनी पंजाबरावांना पैजेचं सगळं खरं सांगून प्रस्ताव ठेवला होता: तारीख तीच, मांडव जानेफळला आपल्या वावरात. पंजाबरावांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जागेचं दुःख नाही कारभारी. झाडाखाली बोलावलं असतं तरी मी आलो असतो. पण देवापुढं ठेवलेली तारीख तुमच्या पोरानं जुगारात लावली. उद्या हा माह्या घरी सोयरा म्हणून येईन अन् माह्या घरचं काय लावीन?"

"अन् गजेंद्र?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"घरातच होता. चप्पल बाहेर दिसली. पण समोर नाही आला."

"त्याले फोन लाव ना छकुले."

"मी नाही लावत आई," छकुली आतून म्हणाली. "त्याले बोलायचं असन तं तो लावीन."

त्याचा फोन आलेला नाही. दीपक दोन वेळा जेवतो आणि गोठ्यात जाऊन बसतो. कालपासून त्याने वावरातली मांडवाची जागा एकट्याने साफ करायला घेतली आहे. कुणी त्याला करायला सांगितलं नाही, कुणी थांबवलंही नाही. दाराशी बांबू येऊन पडले आहेत. ते ठेवून घ्यायचे, पण उभारायचे नाहीत, असं कारभारींनी सांगून ठेवलं आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगतात, तेव्हा शेवटी म्हणतात की आम्हाला जपा. मलाही तसं म्हणायला आवडलं असतं. माझं रबर झिजलं आहे, एक बटण मेलं आहे आणि पोत्यातल्या धुळीने दांड्या करकरतात. पण माझ्या जागी दुसरा रिमोट मिळतो. दीपकला हवा होता तो अजून ऋत्विकच्या घरी डब्यात पडून आहे. म्हणून माझं मागणं वेगळं आहे. खेळा, मनापासून खेळा, माझ्यासारख्याला हातात घट्ट धरून खेळा. मात्र जे तुमच्या एकट्याचं नाही, ते कधी टेबलावर ठेवू नका. कुणी "जाऊ दे, मजाक होती" म्हणून तुमचा हात सोडवायला आलं, तर चार पोरं पाहताहेत म्हणून तो झटकू नका. हरलेला सामना मशीनमध्ये पुन्हा लावता येतो. मी तो शेकडो वेळा लावून दिला आहे. बाहेर तसं बटण मला कुठे दिसलं नाही.

आज मंगळवार, अठ्ठावीस एप्रिल. सकाळी पंजाबरावांचा फोन आला. कारभारींनी तो उभ्यानेच घेतला. बोलणं थोडक्यात झालं. फोन ठेवून ते म्हणाले, "संध्याकाळी येऊन राह्यले."

"कोण कोण?"

"नाही सांगतलं."

"मंग पुरण घालू का नुसता चहा ठेवू?"

सोयरे नातं पुढे न्यायला येत असतील, तर त्यांना जेवू घालतात. मोडायला येत असतील, तर ते चहाही अर्धाच घेतात. कारभारींनी बायकोकडे पाहिलं आणि सांगितलं, की आवाजावरून काही समजलं नाही.

पुष्पाबाई बराच वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. छकुली उठली. तिने डब्यातून हरभऱ्याची डाळ काढली, निवडली, धुतली आणि शिजायला टाकली. आता पाच वाजून गेले आहेत. डाळ शिजून झाकून ठेवली आहे. गूळ चिरून बाजूला ठेवला आहे, अजून घातलेला नाही. अंगणात एक गाडी येऊन थांबली आहे आणि कारभारी बाहेर गेले आहेत. गाडीतून कोण उतरलं, ते माझ्या फळीवरून दिसत नाही.